नास्तिक गुरूंचं एकच खोटं

काशीत देव किती, असं विचारलं तर कोणीही तेहतीस कोटी सांगेल. मी मोजलेले नाहीत. पण दूधविनायकाच्या गल्लीत सहा वर्षं काढलेला माणूस म्हणून छातीठोकपणे सांगतो, त्यातले निम्मेअधिक आमच्याच गल्लीत मुक्कामाला होते. जिन्याखाली गणपती, नळाशेजारी मारुती, विजेच्या मीटरमागे एक इवलासा शंकर. बटणाकडे हात नेताना त्याला धक्का लागायचा, म्हणून आमच्याकडे आधी नमस्कार आणि मग उजेड असा क्रम होता. सायकल भिंतीला टेकवली की "अहो, देवाला लागेल!" असा कुठून तरी आवाज आलाच. आणि या देवांच्या गर्दीत, बरोबर मधोमध, साडेतीन मजली घरात माझे घरमालक राहत. देव नाही, असं ते रोज खिडकीत उभे राहून जाहीर करत.

जाहीर करत म्हणजे कसं, ते सांगतो. गल्लीच्या तोंडावरून मणिकर्णिकेकडे प्रेतयात्रा जायच्या. दिवसाला वीस-पंचवीस सहज. थंडीत शंभर म्हणा. (माझ्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यायचं, असं आमच्या बँकेत ठरलेलंच होतं. म्हणून मी आधीच दुप्पट सांगतो, कोणाचं नुकसान नको.) तर पुढचे खांदेकरी "राम नाम" म्हणत, मागचे "सत्य है" म्हणत, आणि वरून आमचे मालक मान बाहेर काढून, जेवत असले तर हातात घास तसाच धरून, विचारत, "प्रमाण?"

बस, एकच शब्द. त्यात भांडण नव्हतं, टिंगल नव्हती. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. पोरानं फळ्यावर नुसतंच उत्तर लिहिलं की जसं विचारायचं, तसं विचारत. खांदेकऱ्यांनाही सवय झाली होती. एकदा एकानं चालता चालता तिरडीकडे मान वळवून उत्तर दिलं, "ई जात हउवन गुरु, पूछ के बतइहें!" म्हणजे, हे निघालेतच, विचारून कळवतील. मालक म्हणाले, "बरं, मी थांबतो." आणि खरंच दहा मिनिटं थांबले. मात्र मागून कोणी रडत येत असलं, तर ते न बोलता खिडकी लावून घेत.

गल्लीनं त्यांना 'नास्तिक गुरु' म्हणून टाकलं होतं. बनारसात पानवाल्यापासून पंड्यापर्यंत सगळेच गुरु, त्यामुळे त्यात आदर किती नि टोमणा किती हे ज्याचं त्यानं ठरवावं. घराणं आठ पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेल्या भिक्षुकांचं. आजोबांनी अर्ध्या महाराष्ट्राची श्राद्धं चालवलेली. आणि नातू असा निघाला. मराठी बोलत ते स्वच्छ, पण मध्येच हिंदीत एक बुडी मारून येणारं.

मी कराडकडचा. एक्क्याण्णव साली एका बँकेतला कारकून म्हणून बदलीवर काशीला येऊन पडलो. खोली बघायला गेलो तेव्हा या गृहस्थांनी मला दारातच उभं करून सांगितलं, "हे पाहा, पावसाळ्यात छत गळतं. माकडं येतात, चपला घेऊन जातात. जिन्याची सातवी पायरी खोटी आहे. भिंतीपलीकडचा माणूस पहाटेपर्यंत खोकतो. मी स्वतः फार बोलतो. घेता?"

असा घरमालक मी पृथ्वीच्या पाठीवर पाहिला नव्हता. घाबरून खोली घेतली.

महिन्याभरात कळलं की हा माणूस खोटं बोलतच नाही. म्हणजे तुम्ही-आम्ही बोलत नाही तसं नाही. अजिबात नाही. लग्नाच्या पंगतीत यजमानानं "जेवण कसं झालं, गुरुजी?" विचारलं की हे खरंच सांगत. स्थळांच्या चौकशीला लोक येत, आणि यांच्या एका वाक्यानं तीन ठरलेली लग्नं मोडली. त्यातल्या दोन मुली पुढे येऊन पाया पडून गेल्या, ही गोष्ट वेगळी.

माझ्यावरही तो प्रसंग आला. थंडीचे दिवस, पांघरुणातून निघवेना. आजारी असल्याची चिठ्ठी बँकेत पाठवली आणि कचोऱ्या खाऊन झोपलो. दुपारी मॅनेजरनं चौकशीला शिपाई धाडला. दारात मालक. "तब्येत? तब्येत एकदम ठणठणीत. आत्ता सहा कचोरी खाऊन झोपलेत. उठवू?"

संध्याकाळी मी त्यांच्यावर तुटून पडलो. "अहो, एवढंसं खोटं बोलायला काय झालं होतं? देवसुद्धा माफ करतो!"

"तुम्हाला करतो," ते शांतपणे म्हणाले. "तुमचं बरं आहे, कराडवाले. दिवसभर खोटं बोलायचं, सकाळी गंगेत एक बुडी, संकठादेवीला एक नारळ. खाल्लेलं ताट घासून पालथं. माझ्यावर कोणी नाही. मी एकदा खोटं बोललो की ते माझ्याजवळ राहणार, मरेपर्यंत. माफ करणाराच नाही, तर चुकून कसं चालेल?"

मी देवभोळा माणूस. सोमवार करतो, शनिवार करतो. आणि खोटं रोज बोलतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं की आम्हा दोघांत काहीतरी उलटंपालटं झालं आहे.

ते गंगेवर रोज जात, पण "स्नानाला नाही, पोहायला" हे भेटेल त्याला बजावत. शिंदे घाटावर एक देऊळ आहे, एका अंगाला कललेलं, अर्धं पाण्यात. यात्रेकरू लांबूनच हात जोडतात. हे त्याच्याच सावलीत कपडे काढून ठेवत. म्हणत, "तुम्ही श्रद्धेनं उभे राहता आणि घाबरता. मी कोन मोजलाय. माझ्या हयातीत पडत नाही." त्या घाटावरून त्यांनी बुडणारी माणसं किती काढली असतील? मी अकरा पाहिली. लोक दीडशे सांगतात. एकदा एका नागपूरकर बाईंचा नवरा ओढून काढला. बाई रडत म्हणाल्या, "तुम्हाला देवानंच पाठवलं हो!" हे केसांतलं पाणी निथळत म्हणाले, "नाही बाई. मी दूधविनायकावरून आलो. आपला आपण."

आता काकू.

घराच्या तळमजल्यावर, चुलीच्या खोलीला लागून, एक काकू राहत. वाईच्या. नवरा गेल्यावर तीस वर्षांपूर्वी एकट्या काशीला आल्या त्या क्षेत्रसंन्यास घेऊन. म्हणजे मरेपर्यंत काशीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. काशीत मरण आलं की शंकर स्वतः उजव्या कानात तारक मंत्र सांगतो आणि माणूस सुटतो. आणि नदीपलीकडे मेलं तर? तर पुढचा जन्म गाढवाचा. ही मी रचलेली गोष्ट नाही, अख्खं बनारस हे सांगतं.

काकूंनी हे नेम म्हणून पाळलं नाही, पहारा म्हणून पाळलं. संकठा घाटावर आंघोळीला उतरल्या की पदराचं टोक घाटाच्या लोखंडी कडीला बांधायच्या, न जाणो धारेला लागून पलीकडे गेलो तर! तोंडसुद्धा या काठाकडे करून बुडी मारायच्या. पलीकडच्या वाळवंटावरून वारा आला की नाकाला पदर.

उंची साडेचार फूट, वजन दोन पायल्या तांदळाएवढं, आणि जीभ अशी की वानरंसुद्धा त्यांच्या खिडकीवरून जाताना शेपटी आवरून जात. नास्तिक गुरूंना त्या "मास्तरा" म्हणत. रोज सकाळी दोघांचं भांडण व्हायचं, आणि ते झाल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागायचा नाही.

"मास्तरा, मेल्यावर कळेल तुला!"

"मेल्यावर कळायला मी असायला पाहिजे ना, काकू."

"देवच नाही तर मग माझ्यासाठी रोज पाण्याची घागर का भरून ठेवतोस?"

"तुम्हाला वाकता येत नाही म्हणून."

"पुण्य लागतं ते तुला!"

"नको. परत घ्या."

आणि घागर भरलेली असायची. तीस वर्षं. एकही दिवस चुकला नाही.

एका भाद्रपदात काकूंना उलटी-जुलाब सुरू झाले. दोन दिवस त्यांनी औषध म्हणून फक्त तीर्थ घेतलं. तिसऱ्या सकाळी हाक मारली तर उत्तर नाही. डोळे वर, हातपाय गार. आणि नेमकी त्याच दिवशी शहरात संचारबंदी. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांच्या काठ्या, रिक्षा नाही, गाडी नाही, इस्पितळाचा रस्ता बंद. मालकांनी समोरच्या भटजींकडून टेलिफोन फिरवला. त्यांचा एक जुना विद्यार्थी डॉक्टर होता, पलीकडच्या काठावर, पडावला. तो म्हणाला, "सर, पुलावर मला अडवतायत. तुम्ही काहीही करून त्यांना इथे आणा. सलाईन लागलं नाही तर दुपार बघणार नाहीत."

रस्ते बंद होते. नदी उघडी होती.

मी म्हटलं, "अहो, पलीकडे? काकूंचा क्षेत्रसंन्यास!"

त्यांनी काकूंना घोंगडीत गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे पाहिलं. "पलीकडे मेल्या तर गाढव होतील, हे सिद्ध व्हायचंय. इथे ठेवलं तर मरतील, हे सिद्ध झालंय. पाय धरा."

भटजी आडवे आले. "गुरु, तीस वर्षांचं तप आहे! शुद्धीत असत्या तर नको म्हणाल्या असत्या!"

हे मात्र त्यांना लागलं. मग म्हणाले, "शुद्धीवर आल्या की नको म्हणू देत. त्यासाठीच नेतोय."

पुराचं पाणी, नाव धारेला लागली आणि बाणासारखी सुटली. नावाडी गंगामैयाचा धावा करत होता, मी तेहतीस कोटींना आळीपाळीनं हाका मारत होतो, आणि हा देव नसलेला माणूस काकूंचं डोकं मांडीवर घेऊन मनगटावर बोट ठेवून मोजत होता. मधल्या धारेत त्यांनी एकदा मागे वळून काठाकडे पाहिलं. तसा चेहरा मी त्यांचा आधी कधी पाहिला नव्हता.

डॉक्टरनं सलाईन लावलं. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. काकू मधूनच डोळे उघडत, मिटत. तिसऱ्या दिवशी गुंगीतच त्यांना नावेनं परत आणलं आणि त्यांच्या खोलीत, त्यांच्या सतरंजीवर ठेवलं. संध्याकाळी काकू पूर्ण शुद्धीवर आल्या. पहिल्यांदा भटजींच्या बायकोला, दिव्याची वात तिरकी लावली म्हणून झापलं. तेव्हा कळलं, काकू वाचल्या.

बाहेर जिन्यात भटजी मालकांचे हात धरून सांगत होते, "गुरु, आयुष्यात एकदा ऐका. विचारलं तर सांगू नका. तिला कळलं तर औषध-बिवषध काही उपयोगाचं नाही, त्या धसक्यानंच जाईल."

मालकांनी हात सोडवून घेतले.

आणि काकूंनी विचारलंच. आम्ही सगळे दारात उभे. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या तोंडावर नजर क्षणभरसुद्धा ठरली नाही, योग्यच होतं. "मास्तरा, तू इकडे ये. ही सगळी मेली गोड बोलतील. तू खोटं बोलत नाहीस म्हणून तुला विचारते. मला कुठे नेलं होतं?"

मी मनात शंभर मोजले. माझ्या सवयीप्रमाणे नाही, खरेच मोजले.

"कुठेच नाही, काकू," ते म्हणाले. "इथेच होतात. डॉक्टर घरी आला होता."

काकूंनी डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाल्या आणि झोपल्या.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीचं काहीतरी बिघडलं. प्रेतयात्रा जायच्या, खिडकी बंद. खांदेकरी वर बघत, चालायचे थोडे हळू, आणि "प्रमाण?" आलं नाही की हिरमुसून पुढे जात. एकानं मला विचारलंसुद्धा, "गुरु बीमार हउवन का?" चौकशीला येणाऱ्यांना ते आता म्हणत, "दुसऱ्या कोणाला विचारा. माझ्यावर विसंबू नका." घागर मात्र भरलेली असायची.

एके सकाळी मी संकठा घाटावरून येत होतो, तर हे पायऱ्यांवर बसलेले. कपड्यांसकट ओले.

"पोहलात?"

"नाही. बुडी मारली. तुमच्यासारखी. नाक धरून." ते पाण्याकडे बघत होते. "तुम्ही म्हणता तसं काही होतंय का बघावं म्हटलं."

"मग?"

"ओला झालो."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून ते पोटातच राहिलं. "अहो, चांगल्यासाठीच ना बोललात? तिचा जीव—"

"नेलं त्याचं मला काही नाही. पुन्हा नेईन. पण तिनं मला विचारलं होतं, कराडवाले. सगळ्यांना सोडून मला. आणि माझ्यावर विश्वास ठेवून ती झोपली." धोतराचा सोगा पिळत म्हणाले, "तुमचा देव असता तर त्याच्याकडे गेलो असतो. नाही, तर जिचं देणं लागतो तिच्याकडेच गेलं पाहिजे. आणि तिला सांगितलं तर ती मोडेल. म्हणजे माझं मन हलकं करायला तिचं तप बुडवायचं. हे गणित मला सुटत नाही."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले असतील.

माघात काकू खालावल्या. या खेपेला पोट-बिट काही नव्हतं, नुसतं तेल संपलं होतं. सकाळी दहाचा सुमार, अंगणात छान ऊन पडलेलं. त्यांना जमिनीवर घेतलं, तोंडात तुळशीपान ठेवलं. मी उशाशी गंगेचं पाणी चमच्यानं घालत होतो. शेवटच्या घटकेला जवळच्या माणसानं उजव्या कानात रामनाम घ्यायचं असतं. भटजी पुढे सरसावले, तर काकूंनी बोट हलवून त्यांना बाजूला केलं. "मास्तराला बोलवा."

अख्खी गल्ली दारात जमली होती. दोन-तीनशे माणसं; बरं, तीस. नास्तिक गुरु रामनाम घेतात की नाही, हे बघायला लोक खिडक्यांच्या गजांना लटकले होते.

ते आले. मांडी घालून बसले. वाकले. ओठ काकूंच्या उजव्या कानाला लागले. बाहेर कोणीतरी "हर हर महादेव!" म्हणून आरोळी ठोकली, बायका डोळे पुसायला लागल्या. त्यांनी काय म्हटलं ते फक्त मी ऐकलं, आणि इथे मी एक गुंजही वाढवत नाही.

"काकू, मी खोटं बोललो होतो. तुम्हाला पलीकडे नेलं होतं. पडावला. दोन दिवस."

काकूंनी डोळा उघडला. आवाज पिंपळाच्या सुकल्या पानासारखा. "ठाऊक आहे."

मालक तसेच वाकलेले राहिले.

"मधे जाग आली होती मला. खिडकीत बघते तर गाढव. धोब्याचं असेल. माझ्याकडे बघत उभं." काकूंना धाप लागली, पण थांबतील तर त्या काकू कसल्या! "मी म्हटलं, चला, पोहोचले वाटतं. नातलग न्यायला आलेत."

"मग तेव्हाच मला बोललात का नाहीत?" मालकांचा आवाज फुटला.

"तीस वर्षांत एकदा माझ्याशी गोड बोललास रे मेल्या. ते कशाला मोडू?"

मी चमच्यानं पुन्हा थोडं पाणी घातलं.

"माझं माझा देव बघून घेईल," काकू म्हणाल्या. "बेशुद्ध बाईला तो गाढव करत नाही, एवढी ओळख आहे आमची. तुझं मात्र वर कोणी नाही. म्हणून तुला बोलावलं." मग हात थोडासा उचलून त्यांनी तो मालकांच्या टकलावर ठेवला. "मी केलं माफ. जा. घागर भरून ठेव."

दोन-चार श्वासांनी हात घसरला.

बाहेर जल्लोष. नास्तिक गुरूंनी कानात मंत्र दिला! भटजींनी त्यांना मिठी मारली. "गुरु, शेवटी आलातच ना रामावर?"

"मी रामनाम घेतलं नाही," ते डोळे पुसत म्हणाले.

"घेतलंत हो! आम्ही ओठ हलताना पाहिले!"

"मी सांगतो ना, घेतलं नाही."

कोणी ऐकेना. ज्या माणसाच्या एका वाक्यावर ठरलेली लग्नं मोडत, त्याचं खरं आता गल्लीत कोणालाच पटत नव्हतं. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. तुम्ही उशाशी होतात, सांगा, काय म्हणाले? माझ्यासारख्या माणसाला ही केवढी संधी! मी शंकराला पीतांबर नेसवून आणलं असतं तरी लोकांनी मानलं असतं.

"खरं तेच बोलले," मी म्हटलं. एवढंच.

तिरडी उचलली तेव्हा पुढचा उजवा खांदा मालकांनी घेतला. गल्लीच्या तोंडाशी आलो, आणि सवयीनं सगळ्यांच्या माना वर, त्या बंद खिडकीकडे गेल्या. भटजींनी आवाज दिला, "राम नाम!"

मी त्यांच्या मागच्याच खांद्याला होतो. पहिल्या खेपेला ते गप्प राहिले. दुसऱ्या खेपेलाही. मग वळणावर, नदी दिसायला लागली तिथे, भटजींनी पुन्हा "राम नाम" म्हटलं, ते त्यांनी जाऊ दिलं, आणि मागच्या सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून, वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आपल्या वाट्याचं तेवढं म्हटलं,

"सत्य है."